आरशामागची अक्षरं

प्रिय मुली,

आधी हे सांगते, की तुझे बाबा ठणठणीत आहेत. पाकिटावर माझं अक्षर बघून तुला आधी त्यांचीच काळजी वाटली असेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. रक्तदाब औषधाने ताब्यात आहे, गुडघा कुरकुरतो, आणि निवृत्त होऊन इतके दिवस झाले तरी कुठल्याही इमारतीत शिरलं की लिफ्टच्या दाराला कान लावायची सवय गेलेली नाही. परवा दातांच्या डॉक्टरकडे आमचा नंबर येऊन निघून गेला, आणि हे बाहेर तिथल्या पहारेकऱ्याला समजावत होते, की तुमच्या लिफ्टचा आवाज मला आवडलेला नाही. जित्याची खोड, दुसरं काय! तेव्हा त्यांची काळजी नको. फोन न करता पत्र का लिहितेय, तर माझा नंबर दिसला की तू उलटा फोन बाबांना करतेस, हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण या वेळची गोष्ट त्यांच्या तोंडून आली तर भलत्याच सुरात येईल, म्हणून ती आधी माझ्याकडून ऐक.

तुझ्या लेकीचा फोटो त्यांनी मला दाखवला. मोबाइल माझ्या हातात देईनात, आपल्याच हातात धरून दाखवला. कपाळ तुझं आहे. नाक कोणाचं यावर आमचं एकमत झालेलं नाही. तुझी झोप पुरी होत नसेल, पण दुपारी बाळ झोपलं की तूही आडवी हो, कपड्यांच्या घड्या कुठे पळून जात नाहीत. हे सांगायचा मला अधिकार नाही म्हणालीस तरी चालेल, सांगून झालंय.

आता आरशाचं. तू बाबांना म्हणालीस, आईचा हातआरसा हवाय, बाळाच्या खोलीत ठेवायचाय. त्यांनी त्याच दिवशी स्टूल घेतलं आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून तो काढला. तू टॉवेलात गुंडाळून ठेवला होतास, तसाच होता. चांदी काळी पडली होती. ते मला म्हणाले, जरा लखलखीत करून दे, हे तुझं काम. मी तो पिशवीत घालून लिलावघरात, माझ्या ऑफिसला नेला, आणि पॉलिशपेक्षा थोडं जास्तच मनात घेऊन नेला. मला वाटलं, पाठीवरची पुसलेली अक्षरं पुन्हा कोरून द्यावीत. तू आरसा उलटा करशील आणि तुझ्या आईचं नाव जागच्या जागी असेल. मी केलं हे तुला कळायचीही गरज नव्हती. त्यासाठी मूळ अक्षरं कोणती होती आणि त्यांचं वळण कसं होतं, एवढं शोधायला हवं होतं.

तुला ती अक्षरं आठवत असणार. मी मात्र ती कधीच पाहिली नव्हती. हे वाक्य तू कदाचित पुन्हा वाचशील, म्हणून परत लिहिते. मी या घरात आले तेव्हा तो आरसा कोराच होता.

सगळं रीतसर सांगते. मी आले त्या पहिल्या आठवड्यात बाबांनी कपाटातून एक निळी कापडी बॅग काढली. तुझ्या आईची हॉस्पिटलची बॅग. ती गेल्यापासून त्यांनी ती उघडलीच नव्हती, आणि तेव्हाही स्वतः उघडली नाही. माझ्या हातात देऊन म्हणाले, यात पोरीच्या कामाचं काय असेल ते ठेव, बाकीचं तू बघ. आत शाल होती, केसांच्या पिना होत्या, चष्मा होता आणि हा आरसा होता. माणूस घाईत असो की दुःखात, चांदी हातात आली की मी आधी ती पालथी करते, इतक्या वर्षांच्या धंद्याने तेवढं शिकवलंय. दांड्याच्या टोकाशी, जिथे एरवी कोणाची नजर जात नाही, तिथे दोन जपानी अक्षरांचा बारीक ठसा होता. जुनगिन, म्हणजे शुद्ध चांदी. त्याच्या शेजारी घडवणाऱ्याचा चौकोनी ठसा, हाताळून हाताळून अर्धा झिजलेला. तो कारागीर कोण, हे मला अजूनही लावता आलेलं नाही. पाठीवर उठावाची आयरिसची फुलं, लांब पात्यांची, आणि फुलांच्या मधोमध एक गुळगुळीत लंबगोल जागा. असली भांडीकुंडी, पेट्या, आरसे शंभरेक वर्षांपूर्वी जपानात परदेशी गिऱ्हाइकांसाठी घडवले जायचे. गिऱ्हाइकाला आपल्या नावाची अक्षरं घालून घेता यावीत म्हणून तेवढी जागा मोकळी सोडायचे. त्या जागेवरून मी अंगठा फिरवला आणि मला कळलं, की इथे काहीतरी होतं आणि ते घासून काढलंय. चांदी तिथे कणभर खोल झालेली असते. डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला लागते.

तेव्हा मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, बायकोचं नाव समोर दिसवत नाही म्हणून या माणसाने ते पुसून घेतलंय, किंवा मी येणार म्हणून पुसलंय. दुसरी शक्यता जास्त वाईट होती. विचारायचं धाडस झालं नाही. नव्या संसारात पहिल्याच आठवड्यात कोणी असलं विचारतं का? मी आरसा स्वच्छ केला आणि तुझ्या खणात ठेवला.

त्यानंतर काही दिवसांनी मी तुला लिलावघरात नेलं, ते तुला आठवत असेलच. तू अकरा वर्षांची होतीस. मला मावशी म्हणायचीस, तेही बाबांनी सांगितलं म्हणून, आणि तुझं मन माझ्याकडे कशाने वळेल हे मला कळत नव्हतं. स्वयंपाक मला बेताचा, गोष्टी सांगता येत नाहीत, वेणी घालायला गेले की तू मान काढून घ्यायचीस. एकच गोष्ट मला बरी येत होती, जुन्या चांदीची पाठ वाचणं. म्हटलं, तीच दाखवू. तू खरंच रमलीस त्या दिवशी. ठसे बघायचं भिंग डोळ्याला लावून तू अख्ख्या टेबलावर रांगत होतीस, आणि चिनी मातीच्या विभागातले आमचे जाडे सद्‌गृहस्थ तुला घाबरून कपबश्या आवरत होते. मग मी तुला पॉलिशच्या खोलीत नेलं. तिथे एक सिगरेटची डबी आली होती, तीही जपानीच. झाकणावर कोणा साहेबाची तीन अक्षरं एकमेकांत गुंफलेली. गिऱ्हाइकाला ती नको होती. पॉलिशवाल्याने तुझ्यासमोर ती चाकावर धरली आणि बघता बघता अक्षरं नाहीशी झाली. तू विचारलंस, पुसलेलं नाव कुठे जातं? मी मोठ्या शहाणपणाने सांगितलं, पावडर होऊन कापडाला लागतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याच महिन्यात तू खणातला आरसा काढलास, उलटा केलास, आणि माझ्यासमोर आलीस.

त्या दिवसाचं मी जास्त लिहीत नाही. तू जे बोललीस ते मला पाठ आहे, तुलाही असेल. तुझ्या ऑफिसात पुसतात, तूच पुसलंस, आईचं नाव तू कापडाला लावलंस. बाबा दारात उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होते की ते काहीतरी म्हणतील. ते तुला म्हणाले, असू दे बेटा, झालं ते झालं. मला वाटलं, ते मला विनवतायत, की घे सांभाळून, पोरीला कळलं की बापानेच आईचं नाव पुसलं तर तिला कोणीच उरणार नाही. आणि ते मला पटलं. सावत्र आईवर राग धरून मूल वाढू शकतं, बापावर राग धरून कसं वाढणार? म्हणून मी गप्प बसले. मोठा त्याग वगैरे काही नव्हता, उगीच तसं समजू नकोस. मला वाटलं होतं, दोन-चार महिन्यांत तू विसरशील.

तू विसरली नाहीस. तू आरसा टॉवेलात गुंडाळून वरच्या फळीवर टाकलास, आता तो आईचा नाही म्हणालीस, आणि पुढच्या वर्षी शाळेसाठी आत्याकडे गेलीस ती सुट्ट्यांपुरतीच परत आलीस. तुझ्या लग्नात मी पाहुण्यांमध्ये बसले. जेवण उत्तम होतं. तुझा नवरा येऊन माझ्याशी दोन शब्द बोलला, भला माणूस आहे.

तर या मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत, मी तो आरसा घेऊन खिडकीशी बसले. पुसलेली अक्षरं शोधायची एक जुनी युक्ती आहे, तिला यंत्र लागत नाही. आरशावर टाकतो तशी तोंडाची वाफ त्या जागेवर टाकायची आणि कडेने बघायचं. वाफ विरताना, जिथे कोरलेलं होतं तिथे चांदी वेगळी दिसते, आणि एक-दोन क्षण जुनी अक्षरं वर येतात. मी वाफ टाकली आणि ती आली. रोमन लिपीतली, जुन्या पद्धतीची, वेलीसारखी गुंफलेली, सवय नसलेल्याला नुसती नक्षीच वाटेल अशी. एक एच आणि एक डब्ल्यू. मी पुन्हा वाफ टाकली. पुन्हा तीच. आमचे चिनी मातीवाले जेवण सोडून आले, त्यांनीही तीच वाचली. तुझ्या आईच्या नावात, माहेरच्या धर की सासरच्या धर, ही दोन्ही अक्षरं कुठेच नाहीत.

म्हणजे तुझ्या लहानपणी ज्यावरून तू बोट फिरवायचीस, ते आईचं नाव नव्हतं. कोणी परकी बाई, जिच्यासाठी तो आरसा पहिल्यांदा घेतला गेला, तिचं होतं. तुझ्या आईने तो जुन्या बाजारातून घेतला असणार. तू विचारलं असशील, हे काय लिहिलंय, आणि ती म्हणाली असेल, माझं नाव. चार वर्षांच्या मुलीला दुसरं काय सांगणार? मीही तेच सांगितलं असतं.

मला जरा गंमत वाटली आणि जरा वाईटही वाटलं, की यावरून इतकं रामायण झालं. पण मग ही परक्या बाईची अक्षरं बाबांनी का पुसावीत? त्यांना बायकोचं नाव समोर नको होतं, हा माझा तर्कच मोडीत निघाला. म्हणून मी आरसा तिरप्या उजेडात धरला आणि भिंग लावलं. हे मी आधी कधी केलं नव्हतं. पुसलेल्या जागेवर काहीतरी होतं. कोरलेलं नव्हे, नुसतं आखलेलं. अक्षर कोरण्याआधी कारागीर टोकदार सुईने चांदीवर हलकी रेघ ओढून घेतो, शिंपी खडूने खुणा करतो तशी. केसाइतक्या बारीक रेघा. आपल्याच लिपीत, सुबक वळणाची दोन अक्षरं. भिं आणि ग. पुढे एक उभी रेघ, आणि काम तिथेच थांबलेलं.

भिंग! मला वाटलं, आमच्यापैकीच कोणीतरी चेष्टा केलीय. हातात भिंग, डोळ्याला भिंग, आणि आरशावर लिहिलंय भिंग. चिनी मातीवाले म्हणाले, उद्या टेबलावर टेबल लिहिलेलं सापडेल. पण आरसा तर सगळी वर्षं फळीवर होता, त्याला हात कोण लावणार?

संध्याकाळी घरी आले. बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चहा घेऊन बसले होते. मी आरसा त्यांच्यापुढे ठेवला आणि इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. म्हटलं, तुम्ही हे पुसून कुठे घेतलंत? ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "मी? मी कशाला पुसू? तूच पुसलंस ना?" मी म्हटलं, मी आले तेव्हा हे कोरंच होतं. ते म्हणाले, मी तर बॅग उघडलीच नव्हती. चहा निवला. काय झालं होतं ते तुझ्या लक्षात आलं असेल. त्यांना वाटत होतं मी पुसलं, बाईमाणूस आहे, मत्सर वाटला असेल, होतं असं, म्हणून त्यांनी मला पाठीशी घातलं. मला वाटत होतं त्यांनी पुसलं, म्हणून मी त्यांना पाठीशी घातलं. इतकी वर्षं एका घरात राहून, एका ताटलीतलं खाऊन, दोघांनी अळीमिळी गुपचिळी. एकमेकांना माफही करून टाकलं होतं, न केलेल्या गोष्टीसाठी. मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

मग मी त्यांना त्या विचित्र अक्षरांचं सांगितलं. म्हटलं, पाठीवर कोणीतरी भिंग असं लिहून ठेवलंय, याचा काही अर्थ लागतो का? त्यांनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "पुढे री असेल."

मला तेव्हाही कळलं नाही, कारण तो शब्द मी या घरात कधी ऐकलेलाच नव्हता. त्यांनी सांगितलं, की तू एका जागी बसत नव्हतीस, दिवसभर घरभर गरगर फिरायचीस, म्हणून तुझी आई तुला भिंगरी म्हणायची. फक्त तीच म्हणायची. ती गेल्यावर एकदा त्यांनी तुला तशी हाक मारली, तर तू कानांवर हात ठेवलेस. मग त्यांनी तो शब्द पुन्हा उच्चारला नाही. तो त्या संध्याकाळी उच्चारला, आणि उठून बेसिनपाशी जाऊन उगीचच कप धूत राहिले.

शेवटच्या त्या महिन्यांत तुझी आई हॉस्पिटलात आत-बाहेर करत होती. मधले काही दिवस घरी, मग पुन्हा तिकडे. बाबांना आठवलं, हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत नावाच्या पाट्या आणि बक्षिसांचे कप कोरून देणारं एक दुकान होतं, आणि ती कधीकधी म्हणायची, जरा पाय मोकळे करून येते. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही दोघं तिथे गेलो. दुकान आहे. आता त्या कारागिराची सून चालवते, यंत्रावर. बटण दाबलं की अक्षर तयार. म्हातारबुवा आत खुर्चीवर बसलेले असतात, हात थरथरतात, पण नजर शाबूत आहे. मी आरसा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे कलता केला, बघितला, परत बघितला. बाबांनी त्यांना तुझ्या आईचं वर्णन सांगितलं, उंची, चष्मा, डोक्याला रुमाल बांधलेला असायचा तो. ते म्हणाले, "बाई आठवत नाहीत हो. रेघ माझी आहे."

मी त्यांना विचारलं, अर्धवट का सोडली? ते म्हणाले, आधी जुनं घासायचं, मग आखायचं, मग कोरायचं. गिऱ्हाईक कधीकधी मध्येच येऊन घेऊन जातं. म्हणतं, थोडे दिवस लागतोय, परत आणून देते. हॉस्पिटलजवळचं दुकान आहे, सगळेच काही परत येत नाहीत. हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, जसं आपण म्हणतो की दुपारी लाइट जाते. सुनेने विचारलं, उरलेलं पुरं करून देऊ का? बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी नको म्हटलं. ते पुरं करायचं, तसंच ठेवायचं, की पुसायचं, हे तू ठरवायचंस. वस्तू तुझी आहे. ती तुझ्यासाठीच घडत होती, एवढंच आम्हाला आता नक्की कळलंय.

इथवर सगळं चांगलं झालं, आणि इथेच आमचं घोडं अडलं. आमच्या इमारतीत परत आलो, लिफ्टमध्ये शिरलो, दार बंद झालं, आणि बाबा बटण न दाबता उभे राहिले. आयुष्यभर लिफ्ट तपासलेला माणूस. मी म्हटलं, अहो, मजला. तर ते म्हणाले, "तिने तुझ्याशी असं वागायला नको होतं. आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो." मी समजावलं, की ते मूल होतं. ते म्हणाले, पुढे मोठी झाली ना? तेव्हा तरी एकदा विचारायचं होतं तिने. त्यांचा राग खरा कोणावर आहे हे मला दिसतंय, तुलाही दिसेल. पण स्वतःवरचा राग माणसाला एकट्याने पेलत नाही, तो कोणाला तरी वाटून द्यावा लागतो. या वेळी तुझा नंबर लागलाय.

त्यांनी मनाशी काय ठरवलंय ते सांगते, आणि म्हणूनच हे पत्र कुरिअरने, शनिवारच्या आत पोचेल असं पाठवतेय. रविवारी ते नेहमीप्रमाणे तुला फोन करतील. तू त्यांना म्हणाली होतीस, बाबा, तुम्ही एकटेच या. ते मला माहीत आहे, फोन स्पीकरवर होता. त्यात मला काही वाटलं नाही, मी त्यांची बॅगही काढून ठेवली होती. आता ते म्हणतात, ती तुझी माफी मागत नाही तोवर मी तिच्या दारात पाऊल ठेवणार नाही, आरसा पोस्टाने पाठव. मी कालपासून डोकं फोडतेय, पालथ्या घड्यावर पाणी. त्यांना खूप ओरडायचंय. ओरडू दे. मध्ये बोलू नकोस, फोन ठेवू नकोस. दम लागला की ते थांबतील, तेव्हा फोन बाळाच्या तोंडाजवळ धर, रडत असेल तरी चालेल. मग त्यांना गाडीची वेळ विचार, त्यांना सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ आहेत, कालच बघून ठेवल्यात आणि मला दिसू नये म्हणून वर्तमानपत्राखाली सरकवल्यात. दोघं या म्हणालीस तर मी येईन, मला बाळाला बघायचंय, हे लपवून काय करू. एकटेच या म्हणालीस तरी मी त्यांना गाडीत बसवून देईन, ते माझ्याकडे लागलं. माफी मात्र मागू नकोस, त्यांनी कितीही आग्रह धरला तरी. तू अकरा वर्षांची होतीस, अक्षरं कशी पुसतात हे तुला मीच दाखवलं होतं. तुझ्या जागी मी असते, तर मलाही माझाच संशय आला असता.

तुझीच,
मावशी